समासातली गिचमीड

सोमवारी पत्र आलं, आणि गुरुवार उजाडला तरी मुंगी ‘हो’ म्हणायला तयार नव्हती. फ्रेमवाल्याचं डोकं फिरायला आणखी काय हवं होतं?

पत्र काही असंतसं नव्हतं. मोठ्या विद्यापीठाचं होतं. उन्हाळी सुट्टीत हे विद्यापीठ शाळेतल्या हुशार मुलांसाठी तीन आठवड्यांचं शिबिर घ्यायचं. अर्ज करणारी दीड हजार, घ्यायची फक्त ऐंशी. काचेची इमारत, प्रयोगशाळा, नावाजलेल्या प्राध्यापकांची भाषणं, आणि शेवटी जाड कागदावरचं प्रमाणपत्र, त्यावर बोटाला लागेल असा उठावाचा शिक्का. फ्रेमवाल्याला तो शिक्का चांगलाच ओळखीचा होता. गेल्या आठ-दहा वर्षांत अशी सात प्रमाणपत्रं त्याने मढवून दिली होती. सातही लोकांच्या मुलांची. प्रत्येक वेळी आईबाप दुकानात उभे राहून ‘जरा भारीतली पट्टी दाखवा’ म्हणायचे, आणि हा मान खाली घालून काच पुसत बसायचा. आता स्वतःच्या पोरीचं नाव त्या यादीत लागलं होतं, तर ही बया म्हणते, थांबा!

थांबायचं कशासाठी? तर दुसऱ्या शिबिरासाठी. ते एक वेगळंच त्रांगडं होतं. कुठल्याशा छोट्या कॉलेजच्या वसतिगृहात सहा आठवडे राहायचं. मुलं फक्त तीस, विषय एकच, गणित. भाषणं नाहीत, सहली नाहीत, प्रमाणपत्र तर नाहीच नाही. सकाळी एक प्रश्न द्यायचा आणि मुलांनी तो दिवसभर चघळायचा. कधीकधी आठवडाभर.

“आणि सुटलाच नाही तर?” त्याने मुंगीला विचारलं होतं.

“नाही सुटला तर नाही सुटला,” ती म्हणाली होती, आणि हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की फ्रेमवाल्याला वाटलं, पोरीला ताप तर नाही ना.

फीची अडचण नव्हती, दोन्हीकडे शाळेचा मदतनिधी भरणार होता. अडचण तारखांची होती. दोन्ही शिबिरं एकाच वेळी. विद्यापीठाला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत होकार हवा होता. आणि गणितवाल्यांचा निकाल? येईल म्हणे! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असा सगळा मामला.

“हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, एवढी साधी गोष्ट आहे,” गुरुवारी सकाळी चहाचा कप आपटत तो म्हणाला.

“सोमवारपासून चोविसाव्यांदा सांगताय,” बायको म्हणाली. ती एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. कळवळणाऱ्या माणसांना दिवसभर ‘बसा, येईल नंबर’ सांगून तिचा आवाज कधी चढेनासा झाला होता. “उद्यापर्यंत वेळ आहे. तिला ठरवू द्या.”

“ती ठरवतेय कुठे? ती टोस्ट खातेय!”

मुंगी खरंच टोस्ट खात होती. सोळा वर्षांची झाली तरी चणीने बारीक, आणि लहानपणापासून एक दाणा धरला की सोडायचा नाही, म्हणून तिला घरात सगळे मुंगी म्हणायचे. “बाबा, मी तीन आठवडे लावून नऊ प्रश्न सोडवलेत. त्यांचं उत्तर तरी बघू,” एवढं बोलून तिने दप्तर उचललं आणि ती शाळेत गेली.

लगोलग मेहुण्याचा फोन आला. बायकोचा भाऊ विमा विकायचा आणि सल्ला फुकट द्यायचा. “भाऊजी, मी सांगतो ऐका. पुढे कॉलेजात प्रवेश घेताना कोण विचारतंय तुम्ही दिवसभर काय चघळलंत ते? शिक्का बघतात, शिक्का! उगाच पोरीच्या नादी लागू नका.” फ्रेमवाल्याच्या मते मेहुणा म्हणजे पक्का उंटावरचा शहाणा. त्याचं आणि आपलं मत एकच पडतंय, याचाही त्याला राग आला. फोन ठेवून तो तणतणतच दुकानात गेला.

दुकान दहा बाय चौदाचं. भिंतीवर पट्ट्यांचे नमुने, मधे मोठं टेबल, टेबलावर लांब पात्याचा कटर, पोलादी पट्टी, गुण्या. कोपऱ्यात जुना संगणक आणि त्याला जोडलेला एक लहानसा स्कॅनर. मुंगीचे दोन्ही अर्ज इथूनच गेले होते आणि पत्ता दुकानाचाच दिला होता, म्हणून उत्तरंही इथेच यायची. त्याने संगणक चालू केला आणि समोर गणितवाल्यांचं पत्र दिसलं.

‘आपल्या मुलीची नऊही उत्तरं बरोबर आहेत,’ पत्रात लिहिलं होतं. ‘परंतु आम्ही उत्तरांवरून निवड करत नाही. विद्यार्थी प्रश्नाशी कसा झगडला, कुठे चुकला, चुकीतून कसा बाहेर आला, हे पाहून करतो. म्हणूनच सगळं कच्चं काम खाडाखोडीसकट पाठवायला सांगितलं होतं. आलेल्या पानांवर कच्चं काम अजिबात नाही. एवढी स्वच्छ उत्तरं विद्यार्थिनीने कुणाच्याही मदतीशिवाय लिहिली, असं मानणं आम्हाला कठीण जातं. त्यामुळे तिच्या नावाचा विचार करता येत नाही.’

“कठीण जातं?” फ्रेमवाला रिकाम्या दुकानात ओरडला. “माझ्या पोरीला चोर ठरवता? तीन आठवडे ती—”

आणि इथेच त्याची जीभ अडली. कारण त्याला आठवलं.

महिन्यापूर्वी, अर्ज पाठवायच्या दिवशी, मुंगीची शाळेत परीक्षा होती. ‘बाबा, तेवढे कागद स्कॅन करून पाठवाल?’ असं सांगून ती गेली होती. कागद दुकानातलेच, मोठ्या आकाराचे, जाड. आणि स्कॅनर लहान. प्रत्येक कागदाच्या उजव्या बाजूला मुंगीने चार बोटं रुंद समास आखला होता आणि त्या समासात नुसती गिचमीड होती. आकडे, बाण, काट मारलेल्या ओळी, वेडेवाकडे त्रिकोण, एके ठिकाणी चहाच्या कपाचा गोल डाग. डावीकडे मात्र सुंदर अक्षरात उत्तर. मग कुणीही काय करेल? त्याने पोलादी पट्टी लावली आणि नऊच्या नऊ समास सर्रकन कापून टाकले. उरलेला कागद स्कॅनरवर असा बरोब्बर बसला की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला होता. संध्याकाळी मुंगीने विचारलं तेव्हा ‘पाठवलं, एकदम झकास दिसत होतं’ असं त्याने तिला सांगितलंही होतं.

‘कच्चं काम पाठवा’ ही सूचना त्याने वाचली नव्हती असं नाही. वाचली होती! पण त्याला वाटलं होतं, म्हणायची पद्धत असते. पाहुणे फोनवर ‘आमच्यासाठी काही करू नका हं’ म्हणतात, म्हणून कुणी घर न आवरता बसतं का?

तीस वर्षं माणूस एकच काम करत आला होता. चित्राच्या कडा कुरतडलेल्या असोत, डागाळलेल्या असोत, त्यावर माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, ठेवायचा, मधला चांगला भाग दिसू द्यायचा, बाकीचं झाकायचं नाहीतर छाटायचं. गिऱ्हाईक खूश. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मनात म्हणाला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मुंगी शाळा सुटल्यावर दुकानात आली. त्याने तिला पत्र दाखवलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

“पण मी सगळं लिहिलं होतं,” ती म्हणाली. “समासात. सगळं होतं त्यात.”

फ्रेमवाल्याने टेबलावरची पोलादी पट्टी उगाचच सरळ केली.

“बाबा, समास कुठेत?”

“स्कॅनर लहान पडत होता गं. आणि ते नुसतं... म्हणजे मला वाटलं, रफ आहे.”

“कापलेत?”

“हो.”

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन शब्द त्यालाही बोलता आले असते. तिने टेबलाची कडा धरली आणि विचारलं, “टाकलेत की ठेवलेत?”

आता याचं उत्तर सरळ नव्हतं. फ्रेमवाला कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही. फ्रेम हातात घेऊन हलवली तर कानाला ‘खुट्ट’ असं काही ऐकू येता कामा नये, ही त्याच्या दुकानाची शान होती. त्यासाठी तो जाड कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या करून फ्रेमच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याखाली, कोपऱ्यांत ठासून भरायचा. अशा पट्ट्यांचं एक खोकंच टेबलाखाली असायचं. दोघांनी ते जमिनीवर उलटं केलं. तासभर गुडघ्यांवर बसून शोधलं. मुंगीच्या अक्षराच्या पाच पट्ट्या मिळाल्या.

“बाकीच्या चार?” तिने विचारलं.

फ्रेमवाल्याने भिंतीकडे पाहिलं, मग दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. “लोकांच्या घरी,” तो म्हणाला. “फ्रेमांच्या पाठीत.”

त्याने गणितवाल्यांना फोन लावला. तीन वेळा कुणी उचललाच नाही. चौथ्यांदा एका बाईंनी उचलला, तर त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ‘समास कापले’ म्हटल्यावर त्यांनी ‘काय कापलं?’ असं दोनदा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, “हे बघा, अठ्ठावीस मुलांची निवड झाली आहे. दोन जागा उरल्यात आणि पाच मुलं रांगेत आहेत. तुमच्या मुलीचे कापलेले भाग उद्या पाचपर्यंत पाठवा. सहावी म्हणून तिचं बघू. सोमवारी कळवू. पण मी शब्द देत नाही.”

“उद्या पाचपर्यंत?” फ्रेमवाल्याने विचारलं. “बरोबर पाचलाच?”

“हो. का?”

“काही नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवून स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली.

ऑर्डरच्या वहीत समास कापले त्या आठवड्यात मढवलेल्या फ्रेमा शोधल्या. जाड पाठीच्या, म्हणजे आत पट्ट्या भराव्या लागतात अशा, चारच निघाल्या. बरं तर बरं, गिऱ्हाइकं गावातलीच होती. पक्कड, टेप आणि लहान खिळ्यांची डबी पिशवीत टाकून तो निघाला.

पहिले गाठले ते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी स्वर्गवासी बायकोचा फोटो मढवून घेतला होता. ‘पाठ उघडायची आहे’ म्हटल्यावर म्हातारबुवांनी फ्रेम छातीशीच धरली. “का? काय बिघडलंय तिचं?” फ्रेमवाल्याने सांगितलं. त्यांना पटेना. पुन्हा सांगितलं. शेवटी ‘माझ्यासमोर उघडा आणि फोटोला हात लावू नका’ या अटीवर ते तयार झाले. खिळे काढले, पुठ्ठा उचलला, आणि कोपऱ्यातून घडी घातलेली पट्टी निघाली. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली.

“म्हणजे महिनाभर हिच्या पाठीमागे गणित होतं?”

“हो. माफ करा.”

“तरीच,” ते फोटोकडे बघत म्हणाले, “हल्ली जरा जास्तच शहाण्यासारखी बघते माझ्याकडे.” त्यांनी स्वतः त्याला पाणी दिलं, आणि मग फ्रेम दोनदा कानाशी हलवून पाहिल्याशिवाय सोडलं नाही.

शिवणाच्या क्लासच्या बाईंनी मात्र दारातूनच कटवलं. उद्या या म्हणाल्या. उद्या म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी सकाळी गेला तर कुलूप. शेजारी म्हणाले, येतीलच. येतीलच म्हणता म्हणता पाऊण तास पायऱ्यांवर बसून काढावा लागला. पट्टी मिळाली, पण बाईंनी फ्रेम उघडलीच आहे तर काचही आतून पुसून द्या म्हणून सांगितलं, आणि याने दात-ओठ खात तीही पुसून दिली. नडलेल्या माणसाने काय करायचं?

तिसरी फ्रेम बायकोच्याच दवाखान्यात होती. डॉक्टरांची पदवी. ती टांगली होती आतल्या खोलीत, खुर्चीच्या बरोबर समोर, आणि खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते.

“पाच मिनिटं,” बायको डॉक्टरांना म्हणाली. “माझे मिस्टर तुमची पदवी उतरवून घेणार आहेत.”

“का बुवा?” डॉक्टरांनी हातातलं यंत्र थांबवलं. “खोटी निघाली का?” खुर्चीतल्या गृहस्थांचे डोळे मोठे झाले.

फ्रेमवाल्याने खिडकीपाशी नेऊन पाठ उघडली. पट्टीची घडी उलगडली, बरोबर आहे ना पाहायला उजेडात धरली, आणि तेव्हा पहिल्यांदाच त्याने ती गिचमीड वाचली. वरती एक वाकडातिकडा त्रिकोण होता. त्याखाली बारीक अक्षरात मुंगीने लिहिलं होतं: ‘आकृती बाबांकडून काढून घेऊ? नको. ते इतकी नीट काढतील की मला वाटेल दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत. बाबांना दाखवायचं नाही.’ आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

“मिळाली ना?” बायकोने विचारलं.

“मिळाली,” तो म्हणाला. त्याने पट्टी तिला दाखवली नाही. पदवी परत टांगताना ती तिरकी लागली, ते तिनेच सरळ केलं.

चौथी फ्रेम एका लग्नाच्या फोटोची होती. त्या घरी नवऱ्या मुलीची आई भेटली. मोठ्या प्रेमाने तिने सांगितलं, की फोटो फारच छान झाला होता, दोघं गेल्याच आठवड्यात परदेशी गेली आणि फोटो बरोबर घेऊन गेली. फ्रेमवाल्याने त्यांना तिथे फोन लावायला लावला. तिथे फोन उचलणाऱ्या जावयाने सांगितलं की सामान जहाजाने येतंय, अजून महिना लागेल.

दीड वाजता तो दुकानात परतला. मुंगी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती आणि मिळालेल्या पट्ट्या आपापल्या कागदाला चिकटवत बसली होती. त्याने उरलेल्या दिल्या. तिने आकडे लावून पाहिले.

“चौथ्या प्रश्नाची नाहीये,” ती म्हणाली.

“ती जहाजात आहे.”

“चौथाच तर होता, बाबा. सगळ्यात जास्त त्यातच चुकले होते. अकरा दिवस गेले होते मला.”

“मग पुन्हा लिहून काढ ना! एक पट्टी देतो कापून. तुला सगळं आठवत असेलच.”

मुंगीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “आठवून लिहिलं तर ते कच्चं कसं होईल? ते मी मुद्दाम चुकल्यासारखं होईल. ते खोटंच की.”

“अगं, कुणाला कळणारे?”

तिने पुढची पट्टी चिकटवायला घेतली, आणि बोलून गेल्यावर त्यालाही आपण काय बोललो ते कळलं. चोरीचा आळ पुसायला निघालेला माणूस पोरीला लबाडी शिकवत होता.

लहान स्कॅनरवर प्रत्येक पान दोन भागांत घेऊन तीन वाजता सगळं पाठवून झालं. समास जोडलेली आठ पानं आणि एक विनासमासाचं. सोबत फ्रेमवाल्याने स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या, की कागद मी कापले, मुलीला माहीत नव्हतं, चौथ्या प्रश्नाचा समास मिळाला नाही आणि आता मिळणारही नाही.

मग उरले दोन तास, आणि विद्यापीठाचं पान. संगणकावर ते त्याने सकाळपासून उघडूनच ठेवलं होतं. खाली दोन चौकोन होते. ‘जागा स्वीकारतो’ आणि ‘जागा नाकारतो’. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाचनंतर जागा आपोआप दुसऱ्याला दिली जाईल.

“मुंगी,” तो शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाला, “आता हे घेऊन टाक. माझं चुकलं, कबूल. शंभरदा कबूल. म्हणूनच सांगतोय. तिकडे दोन जागा, सहा मुलं, आणि तुझं एक पान लंगडं. इकडे नक्की आहे. एवढा दीड हजारांतून नंबर लागलाय.”

“मला इकडे जायचं नाहीये.”

“का पण? काय वाईट आहे?”

“काहीच वाईट नाहीये. तिथे दुपारी एक तास प्रश्न सोडवायचे आणि संध्याकाळी उत्तरं सांगणार. मी वेळापत्रक वाचलंय. मला उत्तर सांगितलेलं आवडत नाही.”

“तिकडे नाही झालं तर घरी बसशील! पूर्ण सुट्टी!”

“बसेन.”

फ्रेमवाल्याचा संयम तिथे संपला. चार दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. तू लहान आहेस, तुला कळत नाही, लोक पाय धरतात अशा जागेसाठी, मामासुद्धा म्हणाला, आणि वर्षभराने रडत येशील तेव्हा... मधेच मेहुण्याचा फोन वाजला, तो त्याने बघितलाही नाही. साडेचारला बायको दवाखान्यातून सुटून आली आणि दारातच पर्स धरून उभी राहिली.

“अहो, रस्त्यापर्यंत आवाज येतोय.”

“येऊ दे! सांग हिला, तू सांग. स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतेय पायावर.”

बायकोने मुंगीकडे पाहिलं. “तुला काय करायचंय?”

“नको म्हणायचंय.”

“चूक करतेयस,” फ्रेमवाला म्हणाला. “सरळ सरळ दिसतंय मला, चूक करतेयस.”

“असेल,” मुंगी म्हणाली. “असेल चूक. पण बाबा, माझी आहे ना? तुम्हाला माझी चूक दिसली की तुम्ही ती कापता. एवढी एक ठेवा ना. हिला हात लावू नका.”

एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं आणि तिघांचे चेहरे बघून आल्या पावली परत गेलं. संगणकापाशी फ्रेमवालाच बसला होता. एक बोट हलवलं असतं तर जागा पक्की झाली असती, पोरगी आठ दिवस रुसली असती आणि मग गेलीही असती. असं त्याला तेव्हाही वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही वाटत राहिलं. तो खुर्चीवरून उठला, हात मागे बांधून दारापाशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मुंगी खुर्चीत बसली. त्याच्या पाठीमागे एकदा ‘टिक्’ असा आवाज आला.

“झालं,” ती म्हणाली. पाचला बारा मिनिटं कमी होती.

शनिवार-रविवार घरात तिघंही एकमेकांशी फार जपून बोलली. मेहुण्याला कळलं तेव्हा त्याने ‘कमाल आहे बुवा तुमची’ एवढंच तीन वेळा म्हटलं. फ्रेमवाल्याने रविवारी विनाकारण दुकान उघडलं आणि पट्ट्यांचं ते खोकं उचलून भंगारवाल्याला देऊन टाकलं.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. मुंगीचं काम तिचं स्वतःचं आहे याबद्दल आता शंका नाही, असं लिहिलं होतं. काही समास समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांना वाचून दाखवले, असंही होतं. पण रांगेतल्या मुलांमध्ये फरक फार थोडा होता. बाकीच्यांची नऊही पानं पूर्ण होती. चौथ्या प्रश्नाचं काम पाहायला न मिळाल्याने तिची निवड करता आली नाही. पुढच्या वर्षी तिने जरूर अर्ज करावा. पण पुढच्या उन्हाळ्याआधीच मुंगीची शाळा संपणार होती आणि शिबिर फक्त शाळेतल्या मुलांसाठी होतं. पत्र लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसावं.

फ्रेमवाल्याने दुकान बंद केलं आणि घरी आला. मुंगी तिच्या खोलीत टेबलाशी बसली होती. तिला शाळेतच कळलं होतं, त्याने बायकोला कळवलं आणि बायकोने शाळेत फोन केला होता. तिचे डोळे सुजलेले होते. तो दारात उभा राहिला. येताना रस्ताभर त्याने बरंच काही जुळवलं होतं, की काही बिघडत नाही, तुझी हुशारी कुठे जात नाही, त्यांचंच नुकसान. ते सगळं त्याने सोडून दिलं.

“माझ्यामुळे गेली तुझी जागा,” तो म्हणाला.

त्याला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे हो बाबा.

“हो,” मुंगी म्हणाली. “तुमच्यामुळेच गेली.”

जावं की थांबावं, त्याला कळेना. मुंगीने नाक पुसलं आणि पुन्हा टेबलाकडे वळली. समोर मोठा कागद होता, वर चौथा प्रश्न लिहिलेला. या वेळी तिने समास आखलाच नव्हता. सगळ्या कागदभर आकडे, बाण आणि खाडाखोड पसरली होती.

“परवापासून दुसऱ्या वाटेने बघतेय,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “इथे चुकतंय कुठेतरी.”

“कुठे?” त्याने दारातूनच विचारलं.

“तेच तर माहीत नाही.” तिने पायाने दुसरी खुर्ची थोडी बाहेर ढकलली. “बसायचं तर बसा. पण हात लावू नका.”

तो बसला.